‘जरा दोन मिनिटं’ किती मिनिटांची असतात?

महिन्याची एकोणीस तारीख. उद्या जीएसटीचं विवरणपत्र भरायची शेवटची तारीख आहे. लेखा विभागातली मुलगी खरेदीची बिलं पोर्टलवरच्या यादीशी एकेक करून ताडून बघते आहे. एका पुरवठादाराच्या बिलात नऊशे रुपयांचा फरक येतोय. तो नेमका कुठून आला हे हाती लागणार, तेवढ्यात ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज वाजतो. पाठोपाठ पलीकडच्या टेबलावरून हाक येते, ‘जरा दोन मिनिटं येतेस?’ परत येऊन बसते तेव्हा आपण कुठल्या बिलाशी होतो हेच तिला आठवत नाही. संध्याकाळी साहेब विचारतात, ‘दिवसभर केलंस काय?’

हा प्रश्न तिला विचारणं मला अन्यायाचं वाटतं. कर्मचाऱ्यांच्या लक्षाबद्दल आपल्या ऑफिसांमध्ये जे समज घट्ट बसले आहेत, त्यातले बरेचसे तपासायला घेतले की टिकत नाहीत.

गैरसमज: लक्ष लागत नाही, म्हणजे माणसालाच कामाची आच नाही.

वस्तुस्थिती: सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ मध्ये दाखवून दिलं की एक काम अर्धवट सोडून दुसरं हाती घेतलं तर मन पहिल्या कामातून पूर्ण सुटत नाही. लक्षाचा काही भाग तिथेच अडकून राहतो आणि त्याचा फटका दुसऱ्या कामाला बसतो. हे कष्टाळू माणसाचंही होतं आणि कामचुकाराचंही. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ग्लोरिया मार्क यांनी खऱ्याखुऱ्या ऑफिसांमध्ये माणसांच्या शेजारी बसून नोंदी घेतल्या. मोडलेल्या कामाकडे परत यायला सरासरी २३ मिनिटांच्या आसपास लागत होती, कारण मधल्या वेळात माणूस आणखी एखाददुसऱ्या कामात ओढला जायचा. यातले सगळेच व्यत्यय बाहेरून येत नाहीत, हेही मान्य करायला हवं. बरेचदा माणूस आपणहून फोन उचलून बघतो. पण दर पाच मिनिटांनी कुणीतरी हाक मारणार हे अंगवळणी पडलं की स्वतःच मध्येच उठायची सवयही लागते.

गैरसमज: व्यत्यय आला तरी काम होतंच की!

वस्तुस्थिती: होतं, आणि म्हणूनच साहेब लोक फसतात. मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८ च्या प्रयोगात व्यत्यय आलेल्या माणसांनी काम उलट जरा लवकरच संपवलं. गेलेला वेळ भरून काढायला ती घाई करत होती आणि त्याची किंमत ताण, चिडचिड, दमणूक यांत मोजत होती. अर्थात तिथलं काम होतं ईमेलना उत्तरं देण्याचं. जिथे चूक जिवावर बेतते तिथली गोष्ट वेगळी. सिडनीतल्या रुग्णालयांमध्ये औषधं देणाऱ्या नर्सचं निरीक्षण करून २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दर व्यत्ययामागे चुकांचं प्रमाण सुमारे १२ टक्क्यांनी वाढलेलं त्यात आढळलं. विमान वाहतुकीने हा धडा आधीच घेतला होता. १९८१ मध्ये अमेरिकेत नियम झाला की विमान दहा हजार फुटांच्या खाली असताना वैमानिकांनी उड्डाणाशी संबंध नसलेलं काहीही बोलायचं वा करायचं नाही. वैमानिकांना ‘मन एकाग्र करा’ असा उपदेश करत बसण्याऐवजी तिथे बोलणंच बंद केलं.

गैरसमज: एका वेळी चार कामं करतो तोच खरा हुशार.

वस्तुस्थिती: स्टॅनफर्डमध्ये २००९ साली झालेल्या अभ्यासात, एकाच वेळी अनेक माध्यमं हाताळायची सवय असलेले लोक बिनकामाची माहिती बाजूला सारण्यात कमी पडले. एका कामावरून दुसऱ्यावर जाण्यातही ते मागेच होते. नोकरीच्या जाहिरातीत हा गुण मागणं आता थांबवायला हरकत नाही.

गैरसमज: जितके जास्त तास, तितकं जास्त काम.

वस्तुस्थिती: २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं आणि देशभर वाद झाला. पण या प्रश्नाला शंभर वर्षांपूर्वीची आकडेवारी उपलब्ध आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या, त्यातही मुख्यतः स्त्रियांच्या, कामाच्या तासांची आणि उत्पादनाची नोंद सरकारी समितीने ठेवली होती. अर्थशास्त्रज्ञ जॉन पेनकॅव्हल यांनी ती नव्याने तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. साधारण ४९ तासांपर्यंत तासांच्या प्रमाणात उत्पादन वाढत होतं, पुढे प्रत्येक जादा तासाची भर कमी कमी होत गेली. ७० तासांचं उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनापेक्षा फारसं वेगळं नव्हतं. म्हणजे वरचे १४ तास जवळजवळ फुकट गेले. आठवड्याची सुट्टी नसली तर उत्पादनाला फटका बसतो, हेही त्याच नोंदींतून निघालं.

आपल्याकडे आठवड्याच्या सुट्टीची मागणी त्याहून जुनी आहे. जोतिराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज गेला. त्यात रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मागितली होती. रविवारची सुट्टी मान्य व्हायला १० जून १८९० उजाडला. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची केली. जेवणाच्या सुट्टीत टेबलावरच डबा उघडून एका हाताने मेल लिहिणारा माणूस दिसला की मला लोखंड्यांचा तो अर्ज आठवतो आणि वाईट वाटतं.

गैरसमज: भिंती पाडल्या की माणसं एकमेकांशी बोलतात.

वस्तुस्थिती: हार्वर्डच्या दोन संशोधकांनी मोकळ्या रचनेत गेलेल्या दोन कंपन्यांत केलेलं मोजमाप २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलं आणि ईमेल वाढले. सगळ्यांच्या नजरेत बसलेला माणूस कानात हेडफोन घालून आपली भिंत आपणच उभारतो.

गैरसमज: घरी बसवलं की काम बुडालं.

वस्तुस्थिती: चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीतल्या १,६१२ कर्मचाऱ्यांवरच्या प्रयोगाचा निष्कर्ष २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम केल्याने कामगिरी घसरली नाही, बढत्यांवर परिणाम झाला नाही, आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं. प्रयोगाआधी तिथल्या व्यवस्थापकांना काम घटेल असं वाटत होतं, नंतर त्यांनीच मत बदललं.

मग ऑफिसने करायचं काय? रोज सकाळचे दोन तास बैठक नाही, हाक नाही. ग्रुपवरच्या प्रश्नांना बाराला आणि चारला उत्तरं द्यायची. खरोखर तातडीचं असेल तर फोन करायचा, म्हणजे बाकीचं थांबू शकतं हे सगळ्यांना कळतं. विवरणपत्राच्या आठवड्यात लेखा विभागाचे फोन दुसऱ्या कुणीतरी उचलायचे. आणि हे सगळं आधी वरिष्ठांनी पाळायचं, कारण साहेबांचा मेसेज आला की हाताखालचा माणूस हातातलं सोडून उत्तर देणारच, नियम काहीही असो. रात्री दहाला काही सुचलं तर साहेबांनी जरूर लिहून ठेवावं, पण ईमेल सकाळी साडेनऊला जाईल अशी वेळ लावून.