मुशीची भीती, ओहोटीकडे दुर्लक्ष

सुरतेत राहणारं कुणी घरात म्हणालं, की येत्या रविवारी डुमसहून किंवा सुवालीहून कयाक पाण्यात ढकलून रावस-जिताडा गरवायला जातो, तर पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘आणि शार्क आला तर?’ त्यावर उत्तरं दोन मिळतात. एक गट हसतो. आपल्याकडे कुठले आलेत शार्क, ते ऑस्ट्रेलियात. दुसऱ्या गटाने १९७५चा ‘जॉज’ पाहिलेला असतो, त्यामुळे त्याच्या डोळ्यांपुढे होडीचे तुकडे तरंगू लागतात. दोन्ही गट चुकतात, आणि पहिला जास्त चुकतो.

सुरतेच्या मासळीबाजारात मोरी, म्हणजेच मुशी, मिळते ती कुठून येते? मोरीचं कालवण आवडीने खाणारी माणसंही ‘इथे शार्क नाहीत’ असं छातीठोकपणे सांगतात, हे मला नेहमी गमतीचं वाटतं. मोरी हा शार्कच. खंभातच्या आखातात आणि डहाणूपर्यंतच्या किनाऱ्यावर डोल आणि वावरी या जाळ्यांत सापडणाऱ्या मुशा बहुतेक हात-दीड हात लांबीच्या असतात. चपट्या नाकाची जात पुरती वाढली तरी पाऊण मीटरच्या आत राहते. पण याच पाण्यात कातमुशीच्या दोन-दोन मीटर वाढणाऱ्या जाती आहेत, हातोडीसारख्या डोक्याच्या आहेत, आणि तीन मीटरपर्यंत वाढणारा, अंगाने दांडगा बुल शार्कही आहे. २००७ ते २०१७ या काळात शार्क पकडणाऱ्या देशांत इंडोनेशिया आणि स्पेनपाठोपाठ भारताचा क्रमांक होता, आणि भारताच्या या पकडीत गुजरातचा वाटा मोठा आहे. फेब्रुवारी २०१६मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर २६६ सेंटीमीटर लांबीची एक मादी उतरवली गेली. ती निघाली गंगेच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, जगातल्या अत्यंत दुर्मीळ शार्कची. त्याआधी दहाहून अधिक वर्षं ही जात कुणाला दिसल्याची नोंद नव्हती. ती आली ती अरबी समुद्रातून. आपल्या गढूळ पाण्यात काय काय फिरतं, ते आपल्याला जाळ्यात आल्यावरच कळतं.



‘समुद्रात असतील, खाडीत नाहीत’

हा समज सगळ्यांत घातक, कारण कयाकवाला नवशिका पहिल्यांदा खाडीतच जातो. लाटा नाहीत, किनारा दोन्ही अंगांना दिसतो, पाणी निमखारं, म्हणून जिवाला धोका नाही असा हिशेब तो करतो.

सुरतेहून मुंबईकडे निघालं की पालघर जिल्ह्यात महामार्गावर मनोर लागतं. समुद्र तिथून दिसतही नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये तिथे वैतरणेच्या खाडीत मासे पकडायला उतरलेल्या एका तरुणाच्या पायाला शार्कने चावा घेतला आणि पाय गुडघ्याखाली गंभीर जखमी झाला. नंतर तो शार्कही मेलेला सापडला. तो बुल शार्क होता. बातमी आली तेव्हा ‘नदीत शार्क कसा?’ असाच सूर सगळीकडे होता. खाऱ्या पाण्यातला बहुतेक मासा गोड्या पाण्यात टिकत नाही, कारण त्याच्या अंगातल्या मिठाचा तोल बिघडतो. बुल शार्कची मूत्रपिंडं आणि शेपटीजवळची एक ग्रंथी हा तोल पाण्याप्रमाणे बदलून घेतात. ॲमेझॉनमध्ये समुद्रापासून सुमारे ३,७०० किलोमीटर आत, पेरूतल्या इकितोसपर्यंत तो पोचल्याची नोंद आहे. त्या मानाने मनोर उंबऱ्यावरच म्हणायचं. शिवाय मादी पिल्लं घालायला नदीमुखांजवळच येते. तिथे पिल्लांना खाणारे मोठे मासे कमी असतात आणि बोयांसारखी खाद्याची मासळी भरपूर.

तापीच्या बाबतीत एक फरक लक्षात घ्या. सिंगणपोरचा बंधारा १९९५पासून उभा आहे आणि भरतीचं पाणी त्याच्या वर सहसा चढत नाही. बंधाऱ्याखालची तापी मात्र मगदल्ला-हजिऱ्यापर्यंत भरतीचीच आहे आणि समुद्राला थेट उघडी आहे. तिथे मुशी येणं हा चमत्कार नव्हे.

मनोरच्या घटनेत आणखी एक गोष्ट आहे, ती बातम्यांच्या गडबडीत हरवली. तो तरुण पाण्यात उतरलेला होता. होडीत बसलेला नव्हता.

‘शार्क कयाक उलटवतो आणि माणूस ओढून नेतो’

जगभरच्या शार्क-चाव्यांची नोंद फ्लोरिडा विद्यापीठात ठेवली जाते. माणसाने न डिवचता घेतलेले चावे २०२३मध्ये ६९ होते, २०२४मध्ये ४७. त्यांत बहुतेक लाटांवर खेळणारे आणि पोहणारे. गळाला लागलेली मुशी सोडवताना हाताला चावली, तर ती या आकड्यात धरत नाहीत. तिथे खोडी माणसाने काढलेली असते. मासेमारी करणाऱ्यांना होणाऱ्या जखमांत हाच प्रकार नेहमीचा.

कयाकवरून गरवणाऱ्यांवर हल्ले झालेलेच नाहीत, असं मात्र नाही. मे २०२३मध्ये हवाई बेटांतल्या ओआहूजवळ एका माणसाच्या कयाकला टायगर शार्कने भरधाव येऊन धडक दिली आणि कडेवर जबडा रोवला. होडीवरच्या कॅमेऱ्यात ते सगळं टिपलं गेलं आणि जगभर पाहिलं गेलं. त्या दृश्यात भीती वाटावी असं पुष्कळ आहे, पण पुढे काय झालं ते फारसं कुणी सांगत नाही. प्लास्टिक तोंडात आल्यावर शार्कने ते सोडलं आणि तो निघून गेला. माणसाला ओरखडाही आला नाही.

दुसरी घटना वाईट आहे. २ डिसेंबर २०१३ला हवाईतच, माउईच्या मकेना किनाऱ्याजवळ, कयाकवरून गरवणाऱ्या माणसाचा शार्कच्या चाव्याने मृत्यू झाला. तो कृत्रिम आमिष लावून लहान मासे पकडत होता, कयाक सरळ होती, काही उलटलं नव्हतं. त्याचा पाय कडेवरून पाण्यात सोडलेला होता. जोडीदार दुसऱ्या कयाकमध्ये होता, पण चारशे-साडेचारशे मीटर लांब.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की नियम आपोआप निघतो. पाय आत ठेवायचा, आणि जोडीदार हाकेच्या अंतरावर हवा. दुपारी उकडतं, पाय पाण्यात सोडावेसे वाटतात. तेच टाळायचं.

शार्कला तुमच्यात रस नसतो, तुमच्या माशात असतो. गळाला लागलेला मासा फडफडतो, ती थरथर शार्कच्या अंगावरची संवेदनरेषा लांबून टिपते, आणि जवळ आल्यावर नाकाभोवतीची सूक्ष्म छिद्रं माशाच्या स्नायूंतली वीजसुद्धा ओळखतात. आपल्याकडच्या गढूळ पाण्यात डोळे निकामीच, त्यामुळे या दोन गोष्टींवरच त्याची सगळी भिस्त. दांडी वाकलेली असते, रीळ सुटत असतं, मग एकदम जोराचा हिसका बसतो आणि दोरी हलकी होते. वर येतं ते नुसतं डोकं, कल्ल्यांच्या मागे चंद्रकोरीसारखं साफ कापलेलं. असं झालं की त्या जागेवर पुन्हा गळ टाकू नये. गुंडाळावं आणि जागा बदलावी. पुष्कळ जण नेमकं उलट करतात, कारण ‘मासा आहे इथे’ हे त्यांना नुकतंच कळलेलं असतं.

यापेक्षा मोठी चूक म्हणजे पकडलेले मासे दोरीत ओवून कयाकच्या कडेला पाण्यात सोडणं. मासे ताजे राहतात हे खरं. पण तुमच्या बसण्याच्या जागेपासून वीतभर अंतरावर तुम्ही जिवंत, तडफडणारं आमिष बांधलेलं असतं. बर्फाची पेटी न्या. मासे साफ करायचं काम किनाऱ्यावर करा.

‘रक्ताचा एक थेंब मैलावरून कळतो’ ही अतिशयोक्ती. शार्कचं नाक तिखट आहे, पण वास पाण्याबरोबर वाहत पोचावा लागतो. नेहमीचं अंतर काहीशे मीटरच्या हिशेबातलं. तसंच ‘पिवळा रंग शार्कला बोलावतो’ हे. २०११मध्ये तपासलेल्या १७ जातींपैकी १० जातींच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी नव्हत्याच, उरलेल्या सातांत त्या एकाच प्रकारच्या होत्या. म्हणजे रंग त्यांना बहुधा कळतच नाहीत. लाइफ जॅकेट भडक नारिंगीच घ्या, तुम्हाला शोधायला येणाऱ्यांना ते दिसायला हवं.

‘डॉल्फिन दिसले की शार्क नाही’ असंही म्हणतात. दोघांचं खाणं एकच, त्यामुळे दोघं एकाच जागी असू शकतात. आपल्या किनाऱ्यावर दिसणारा पर बहुतेक वेळा गाद्याचा, म्हणजे डॉल्फिनचाच असतो, हे मात्र खरं. गादा श्वासाला वर येतो, पर कमानीसारखा उठतो आणि बुडतो, फुस्स असा आवाज येतो. शार्कचा पर सरळ रेषेत पाणी कापत जातो, आवाज नाही, आणि मागे शेपटीचं टोक डावी-उजवीकडे हलताना दिसतं.

तो जवळ आलाच तर वल्हं आपटू नका. दोरी कापा, वल्हं त्याच्या आणि तुमच्यामध्ये धरा, शांतपणे किनारा गाठा. त्याने चावा घेतलाच तर नाकावर गुद्दा मारण्यापेक्षा डोळे आणि कल्ले यांवर मारा. आणि गळाला लहान मुशी लागली तर ती मांडीवर घेऊ नका. तिच्या अंगात हाड नाही, कूर्चा असते. शेपटी धरली तर ती वळून त्याच हाताला चावते. गळ काढायच्या नादात हौशी माणसं जखमी होतात ती अशी. जखम खोल असेल तर घट्ट दाब, आणि रक्त थांबत नसेल तर वरच्या बाजूला आवळपट्टी. शार्कच्या चाव्याने माणूस दगावतो तो रक्तस्रावाने.

व्हेल शार्कबद्दल एवढंच, की बसएवढा दिसला तरी त्याचं खाणं जवळपास पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव आणि बारीक मासे यांपुरतंच. सौराष्ट्रात वेरावळ-सुत्रापाड्याकडे एकेकाळी त्याची बेसुमार शिकार व्हायची. २००१मध्ये कायद्याने संरक्षण मिळालं, २००४मध्ये रामकथाकार मोरारीबापूंनी त्याला माहेरी आलेली ‘वहाली’, म्हणजे लाडकी, म्हटलं आणि कोळ्यांनी जाळी कापून त्याला सोडायला सुरुवात केली. महाराष्ट्रात २०१८पासून अशा कापलेल्या जाळ्यांपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते.

आता जे खरोखर घात करतं त्याकडे. भावनगरच्या बाजूला आखातात भरती-ओहोटीचा फरक दहा मीटरच्या वर जातो. हजिऱ्याला उधाणाच्या दिवसांत तो सहा-सात मीटरचा असतो, मुंबईत साडेचार-पाचचा. एवढं पाणी सहा तासांत आत किंवा बाहेर जायचं म्हणजे प्रवाह ताशी सात-आठ किलोमीटर सहज होतो. धडधाकट माणूस कयाक वल्हवतो ताशी पाच-सहाच्या वेगाने, तेही दमेपर्यंत. म्हणजे ओहोटीच्या तोंडाशी अडकलात तर तुम्ही किनाऱ्याकडे तोंड करून वल्हवत असाल आणि आखात तुम्हाला हजिऱ्याच्या जहाजांच्या वाटेवर नेत असेल. कसेबसे परतलात तर पुढे चिखल. डुमसला पाणी मागे सरकलं की उघडा पडणारा गाळ मांडीपर्यंत ओढतो. जुलै २०२५मध्ये तिथे रुतून बसलेल्या महागड्या मोटारीची दृश्यं सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यात डोलीचे खुंट, शिंगाळ्याचे काटे, गाळात दबून बसलेलं पाकट. पाकटाच्या काट्यावर पाय पडणं हे शार्क दिसण्यापेक्षा कितीतरी संभवनीय आहे, म्हणून उथळ पाण्यात पाय उचलून टाकू नये, घासत न्यावा.

तेव्हा अमावस्या-पौर्णिमेचं उधाण टाळा, अष्टमीच्या आसपासचा भांग निवडा. भरतीच्या शेवटच्या दोन तासांत पाण्यात उतरा आणि ओहोटीला जोर चढण्याआधी बाहेर या. जून-जुलैत तर जाऊच नका. निघण्याआधी घरी परतीची वेळ सांगून जा आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा. समुद्रात अडकलेल्यांसाठी भारतीय तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे.