आतला झरा

चोपड्याच्या बाजारात ओळखीच्या शेतकऱ्याला "कसं काय, दादा?" असे विचारून पाहा. "कापूसले भाव शे, बरं शे," असे उत्तर आले तर समजावे, स्वारी खुशीत आहे. भाव उतरला की तोच माणूस मान खाली घालून निघून जातो. यात त्याला नावे ठेवण्यासारखे काही नाही. सोसायटीचे कर्ज, मुलीचे लग्न, सारे त्या भावावर टांगलेले असते. केळीवाल्याची तर आणखीच तऱ्हा. एका वादळात उभी बाग आडवी होते. पण भावाबरोबर चढणारे आणि वाऱ्याबरोबर पडणारे, एवढेच सुख माणसाच्या वाट्याला आहे काय?

याच तालुक्यात अडावदजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेव आहे. तेथे गोमुखातून गरम पाणी पडते. पौषाच्या थंडीतही गरम, वैशाखातही गरम. वर ऋतू कोणता चालला आहे, याची त्याला दाद नाही. मात्र हे पाणी जमिनीच्या पोटातच जन्मले, असे समजू नका. डोंगरावर पडलेला पाऊसच खडकांच्या भेगांतून खोल उतरतो. जमिनीत किलोमीटरभर खाली जावे तो उष्णता साधारणपणे २५ ते ३० अंशांनी वाढते. तेथे तापलेले पाणी दुसऱ्या भेगेने वर येते. जे वरच्यावर वाहून गेले ते नाल्याला मिळाले, आणि नाला उन्हाळ्यात कोरडा पडतो.

सुखाचेही असेच असावे. 'सुख आत आहे' म्हणणारे पुष्कळदा बाहेरच्या जगाला तुच्छ लेखतात, ते मला पटत नाही. नातवाचे हसणे, कणसात भरलेला दाणा, शेजाऱ्याचा बरा शब्द, हे सारे बाहेरूनच येते. त्यातले मुरते किती, हा खरा प्रश्न.

मुरण्याचे एक उदाहरण खानदेशातच घडले आहे. १९३२ साली विनोबा भावे धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, अठरा रविवारी, त्यांनी सोबतच्या कैद्यांना गीतेचे अठरा अध्याय सांगितले. ते उतरवून घेतले साने गुरुजींनी. तापीपलीकडे अमळनेरला शिक्षक असलेले गुरुजी १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले होते. घर, पगार, मोकळीक, सारे भिंतीबाहेर राहिलेले. आणि त्याच जागी 'गीता प्रवचने' हे पुस्तक आकाराला आले. बोलणे आठवड्यातून एकच दिवस. मधले सहा दिवस मुरायला मोकळे!

येथे थांबणे सोपे होते. पण ज्यांनी ती प्रवचने टिपली, त्या गुरुजींनीच ११ जून १९५० रोजी आपले जीवन संपवले. मग आतले सुख खोटे म्हणायचे काय? मला तसे वाटत नाही. मात्र दुःखाने पिचलेल्या माणसाला "सुख तुझ्यातच आहे, शोध" असे सांगून वाटेला लावणे हा निर्दयपणा आहे, एवढे यातून मी समजलो. कोरड्या भेगेत मुरायला आधी पाणी लागते. अशा माणसाजवळ बसावे, त्याचे ऐकून घ्यावे, त्याला चार माणसांत न्यावे. उनपदेवाला जाणारेही एकटे कुठे जातात? घरची सारी माणसे गोळा करतात, कळण्याची भाकरी आणि ठेचा बांधून घेतात, आणि सकाळीच निघतात.