मुशीच्या परातला सांगाडा

शार्क म्हटलं की दात आलेच. दातांवर आजवर इतकं लिहून झालंय की त्यात भर घालायची मला हौस नाही. माझा जीव अडकलाय तो त्याच्या परांत. त्यातही पाठीवर उभ्या असणाऱ्या, सिनेमावाल्यांच्या लाडक्या परात नव्हे, तर खालच्या दोन जोड्यांत: एक छातीची, एक कमरेची.

पूर्वपीठिका एका दमात उरकतो. शार्कच्या अंगात हाड औषधालाही सापडत नाही. सगळा सांगाडा कूर्चेचा, आणि तिच्या पृष्ठभागावर कॅल्शियमच्या क्षारांचे बारीक बहुकोनी तुकडे एकमेकांना खेटून बसलेले. पाठीचे आणि शेपटीचे पर एकेकटे, जोडीचे चारच. आपल्या हातापायांचं गोत्र याच चारांशी जुळतं. झाली पूर्वपीठिका.

आपल्याकडे प्राणिशास्त्र शिकलेल्या कित्येक पिढ्यांनी फॉर्मॅलिनने डोळे चुरचुरत असताना जी स्कोलिओडॉन फाडली, ती म्हणजे बाजारातली मुशी, मालवण-गोव्याकडची मोरी. तिच्या शरीररचनेवर ई. एम. थिल्लयंपलम या बाईंनी १९२८ साली लिहिलेली पुस्तिका अजूनही वाचावी अशी आहे. मी मात्र मासळीबाजारातच शिकलो. मुशी घेताना पर अंगाच्या तुकड्यासकट मागून घेतो. कोळीण मावशी विचारते, ‘मांजराला देनार काय रे भाऊ?’ मी मान डोलावतो. खरं कारण सांगायला गेलं तर मागे रांग लागते.

घरी आल्यावर पर गरम पाण्यात थोडा वेळ ठेवायचा आणि पॉलिश पेपरसारखी खरखरीत कातडी खरवडून काढायची. पहिल्यांदा हाती लागतात ते तंतू. पिवळसर, अर्धपारदर्शक, वाकवले तर सटकन सरळ होणारे. पराच्या वरच्या अंगाला एक थर, खालच्या अंगाला एक. चिमट्याने ओढले की एकेक सुटून येतो. शार्कच्या परांच्या ज्या सुपापायी जगभर एवढी कत्तल झाली, त्यातल्या ‘शेवया’ म्हणजे हे तंतू. कोलॅजनच्या जातीचं प्रथिन, स्वतःची चव शून्य. सुपाला जी काही चव येते ती कोंबडीच्या नाहीतर हॅमच्या रसाची. भारताने २०१५ साली परांच्या निर्यातीवर बंदी घातली, ते बरंच झालं.

तंतूंखाली स्नायूंचे पातळ थर, आणि ते दूर केले की खरा सांगाडा. बाहेरच्या बाजूला कूर्चेच्या बारीक कांड्या, एकीला एक जोडलेल्या. त्या येऊन टेकतात बुडाशी असलेल्या तीन तुकड्यांवर. पुढचा छोटा तो प्रॉप्टेरिजियम, मधला पसरट मेसॉप्टेरिजियम, आणि मागचा लांबोडका मेटॅप्टेरिजियम. हे तिघे ज्या कमानीला अडकतात ती कल्ल्यांच्या मागे, गळ्याखालून आडवी जाते आणि दोन्ही कुशींना वर चढते. गंमत अशी की ती ना कवटीला बांधलेली ना मणक्याला. स्नायूंत नुसती तरंगते. कमरेपाशी मामला साधा आहे. पोटाखाली एक आडवी पट्टी, तिच्या दोन्ही टोकांपासून मागे जाणारी एकेक लांब दांडी आणि दांडीच्या बाहेरच्या कडेला कांड्यांची ओळ. नरात हीच दांडी पुढे वाढून मिलनाच्या अवयवाचा कणा बनते. म्हणून नर की मादी हे ओळखायला मुशी नुसती उलटी केली तरी पुरतं.

कांड्या परात कुठवर पोचतात, यावर पराचा स्वभाव ठरतो. ग्रेट व्हाइट आणि माकोमध्ये त्या थेट कडेच्या जवळपास जातात, पर ताठ राहतो. तळाशी राहणाऱ्या बांबू शार्कमध्ये त्या अर्ध्या वाटेवरच थांबतात, पुढे नुसते तंतू, म्हणून पर लवचीक. ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळखडकांतला एपॉलेट शार्क तर असल्या परांवर चक्क चालतो. विमानाच्या पंखासारखे हे पर शार्कला सतत वर उचलून धरतात, असं पाठ्यपुस्तकं वर्षानुवर्षं सांगत आली. २०००च्या सुमारास शेरिल विल्गा आणि जॉर्ज लॉडर यांनी लेपर्ड शार्कला टाकीत पोहायला लावून मागचं पाणी कसं वळतं ते मोजलं. सरळ पोहताना पर जवळजवळ काहीच उचलत नाहीत. वर चढताना मात्र पराची मागची बाजू खाली वळते.

आता माझा आवडता तंटा. हे जोडीचे पर आले कुठून? जर्मनीचे कार्ल गेगेनबाउर म्हणाले, कल्ल्यांच्या कमानीतून: कमान झाली खांदा, तिच्यावरच्या काड्या झाल्या पर. केंब्रिजच्या फ्रान्सिस बाल्फोरने शार्कचे भ्रूण तपासले आणि त्याला वाटलं, अंगाच्या कडेने जाणाऱ्या लांब घडीतून हे पर निघाले असावेत. १८८२ साली माँ ब्लाँच्या परिसरात एका शिखरावर चढताना तो मेला, वय अवघं तीस. पुढे अमेरिकेत ओहायोमध्ये, सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात क्लॅडोसेलेकी हा शार्कसदृश मासा मिळाला. त्याचे पर बुडाशी रुंद, घडीतून नुकतेच सुटल्यासारखे. मग काय, बाल्फोरचं पारडं जड झालं, आणि माझा कल अजूनही तिकडेच आहे.

पण गेगेनबाउरला पुरतं मोडीत काढता येत नाही; त्याची एक खूण आपल्याच हातात आहे. आपल्या दंडाचं हाड ज्या ओळीतून आलं ती मेटॅप्टेरिजियमची मानतात; पुढचे दोन तुकडे आपल्या वंशात गळालेच. त्याच हाताच्या बोटांची संख्या आणि क्रम ठरवणारं एक जनुक आहे, सोनिक हेजहॉग, व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून नाव पडलेलं. शार्कच्या भाऊबंदांपैकी स्केट माशाच्या भ्रूणात तेच जनुक कल्ल्यांच्या काड्यांपाशीही काम करताना २००९ साली दिसलं. पुढे प्रयोगशाळेत त्याचं काम अडवलं, तर काड्या कमी उगवल्या.