बंडलावरचे नाव आणि बहिष्काराचे मोल

सन २०२० मध्ये पुण्याच्या साबळे वाघिरे कंपनीच्या ‘संभाजी बिडी’ या नावाविरुद्ध महाराष्ट्रात मोठा क्षोभ उसळला. ज्या राजाने स्वधर्मासाठी व स्वराज्यासाठी मरणप्राय यातना सोसल्या, त्याचे नाव धुराच्या बंडलावर छापून विकावे आणि ओढून झाल्यावर ते बंडल पायदळी यावे, हे शिवप्रेमी संघटनांना असह्य झाले. उपोषणे झाली, निवेदने गेली, पुढाऱ्यांनी पाठिंबा दिला. अखेर कंपनीने नाव बदलण्याचे मान्य केले आणि बंडलावर ‘साबळे बिडी’ अशी अक्षरे आली. ही मागणी आमच्या मते रास्त होती. नाव बदलण्यास विलंब झाला एवढेच काय ते म्हणता येईल. तथापि या साऱ्या वादात एक गोष्ट आम्हांस खटकली ती खटकलीच. नावासंबंधी जेवढे बोलले गेले, त्याच्या शतांशानेही ती बिडी वळणाऱ्या बाईच्या मजुरीसंबंधी कोणी बोलल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

गोंदिया जिल्ह्याने तरी हा प्रश्न नजरेआड करू नये. येथील धानाच्या गिरण्यांइतकीच बिडीही या भूमीशी बांधलेली आहे. आमच्या जंगलातील तेंदूचे पान, गेल्या शतकाच्या आरंभी रेल्वेच्या रुळांमागोमाग गुजरातेतून या प्रदेशात आलेली व्यापारी कुटुंबे, आणि शेतीची कामे नसताना रिकामे राहणारे हात, या तिहींच्या संगमातून हा धंदा वाढला. त्याला बळ मिळाले ते मात्र एका बहिष्काराने! स्वदेशीच्या व पुढे असहकाराच्या काळात विलायती सिगारेट टाकून बिडी हाती धरणे हे सुशिक्षितांतही देशाभिमानाचे लक्षण ठरले. धूम्रपानाची भलामण करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. त्या बंडलावर आज छापले जाणारे कर्करोगाचे चित्र पुरेसे बोलके आहे. सांगावयाचे एवढेच की, ज्या जिल्ह्यातील हजारो चुली बहिष्कारातून उभ्या राहिलेल्या धंद्यावर पेटल्या, त्याने बहिष्कार या शस्त्राची किंमत नीट जाणून घ्यावी.

इंग्रजीतील ‘बॉयकॉट’ हा शब्द १८८० साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात जन्मास आला. कुळांना नाडणाऱ्या जमीनदाराच्या कारभाऱ्याचे ते आडनाव. त्याच्या शेतावर कोणी राबेना, त्याला कोणी माल विकेना. पण मराठीतील ‘बहिष्कार’ हा शब्द त्याहून पुष्कळ जुना आहे आणि त्याला दोन इतिहास आहेत. एक अभिमानाचा, दुसरा लाजेचा.

अभिमानाचा इतिहास शाळेत शिकविला जातो. सार्वजनिक काका १८७७ च्या दिल्ली दरबारात हातच्या सुताचे कपडे घालून गेले. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. तिच्यात पुढाकार घेतल्याबद्दल तरुण सावरकरांना फर्ग्युसन महाविद्यालयाच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागले, शिवाय १० रुपये दंड झाला. त्या काळी १० रुपये ही विद्यार्थ्याला लहान रक्कम नव्हती! आणि होळीवरच ती माणसे थांबली नाहीत. एकेक पैसा गोळा करून पैसाफंड उभा राहिला आणि १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना निघाला. परक्याची वस्तू टाकावयाची तर आपली घडवावी लागते, हे त्या पिढीस ठाऊक होते.

लाजेचा इतिहास मात्र आपण चटकन विसरतो. मार्च १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याल्याबद्दल ज्यांच्यावर लाठ्या चालल्या व ज्यांचे दाणापाणी, मजुरी बंद पाडण्यात आली, त्यांनाही बहिष्काराचाच मार बसला होता. डॉ. आंबेडकरांनी त्याच वर्षी ३ एप्रिलला सुरू केलेल्या पत्राचे नाव ‘बहिष्कृत भारत’ होते, हे काही उगाच नव्हे. गावाने वाळीत टाकण्याची ही रीत इतकी चिवट निघाली की, सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रास २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. एकाच शब्दाची ही दोन रूपे. पहिल्यात दुबळ्याने स्वतः झीज सोसून बलवंताला अडविले. दुसऱ्यात बलवंताने स्वतःचे काही न गमावता दुबळ्याचा घास काढून घेतला.

आजच्या बहिष्कारांना हीच कसोटी लावून पाहू. २०१९ च्या होळीच्या सुमारास ‘सर्फ एक्सेल’ या धुलाईच्या पावडरीच्या जाहिरातीत एका हिंदू मुलीने मुसलमान मित्राला रंगांपासून वाचवून नमाजास पोहोचविले. लगेच बहिष्काराची हाक उठली, आणि उत्साहाच्या भरात काही वीरांनी ‘मायक्रोसॉफ्ट एक्सेल’ या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरलाच वाईट शेरे देऊन टाकले! हा विनोद म्हणून सोडून देऊ. परंतु पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२० मध्ये, टाटांच्या ‘तनिष्क’ने हिंदू सुनेच्या डोहाळजेवणाची जाहिरात केली, सासर मुसलमान दाखविले, आणि गदारोळ होताच ती मागे घेतली. त्या वेळी कंपनीने जी कारणे दिली त्यांत दुखावलेल्या भावनांबरोबरच आपले कर्मचारी व दुकानांतील नोकरवर्ग यांच्या क्षेमाचा उल्लेख होता. तो आम्हांस फार बोलका वाटतो. जाहिरात सुचली मुंबईच्या वातानुकूलित कचेरीत. तिचे धनी झाले गुजरातेतील गांधीधामच्या दुकानात काउंटरमागे उभे असलेले पगारी लोक. तेथे धमक्यांचे फोन गेले आणि दारावर माफीनामा चिकटविण्याची पाळी आली. हाक देणाऱ्याचे यात काय गेले? ज्याला दागिना घ्यावयाचाच नव्हता त्याने तो घेतला नाही.

मे २०२५ मध्ये पुण्याच्या मार्केट यार्डातील व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानचे सफरचंद नाकारले. भारत-पाकिस्तान संघर्षात तुर्कस्तानने पाकिस्तानची बाजू घेतली म्हणून हा निर्णय झाला. त्याचा परिणाम किती झाला याविषयी मतभेद असू शकतील. तरीही ज्याने तो घेतला त्याच्याच गल्ल्याला त्याची झळ लागणार होती, म्हणून आम्ही त्याकडे वेगळ्या दृष्टीने पाहतो.

आता व्यापारी कंपन्यांविषयी. साबण, दागिने, कपडे विकणाऱ्यांनी अलीकडे समाजप्रबोधनाचाही ठेका घेतलेला दिसतो. कोणी सलोख्याचा संदेश देतो, कोणी संस्कृतिरक्षणाचा. जाहिरातीतून सद्विचार आला तर त्याला आमची हरकत नाही. चांगले वाक्य कोणाच्याही मुखातून आले तरी चांगलेच. पण एका संध्याकाळच्या आरड्याओरड्याने जी भूमिका गुंडाळली जाते तिला भूमिका म्हणावे की विक्रीचा अंदाज चुकला म्हणावे? पैठणच्या एकनाथांनी श्राद्धाचे अन्न अंत्यजांना वाढले तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला, अशी कथा आपण परंपरेने ऐकत आलो. त्यांनी पंगत मागे घेतल्याचे कोणी सांगत नाही. तेव्हा ग्राहकानेही या कंपन्यांना संत समजू नये आणि शत्रूही समजू नये. पैसे देऊन माल घ्यावा, आणि तो माल कोणी, किती मजुरीवर घडविला, एवढे विचारावे.

असे विचारण्यातून काय निष्पन्न होते, याचा दाखला बिडीच्याच धंद्यात आहे. बिडी कामगारांसाठी १९६६ साली झालेला कायदा केरळने १९६८ मध्ये अमलात आणताच मंगळूरच्या बड्या कारखानदारांनी कण्णूर भागातील आपली कामे बंद केली आणि सुमारे १२,००० कामगार रस्त्यावर आले. फेब्रुवारी १९६९ मध्ये त्या कामगारांची ‘दिनेश बिडी’ ही सहकारी संस्था नोंदविली गेली. त्या संस्थेचे बंडल घेणे म्हणजे कामगारांच्या बाजूस उभे राहणे, असे तेथील गिऱ्हाइकाने मानले. बिडीचा खप घटू लागल्यावर तिने छत्र्या, मसाले, तयार कपडे अशी कामे काढली.

आमच्या जिल्ह्यातही धडा घेण्याजोगे काही घडत आहे. वनहक्क कायद्याच्या आधारे काही ग्रामसभा आपल्या तेंदूपानाचा सौदा स्वतः करू लागल्या आहेत. पण पान तोडणाऱ्याच्या पुढे, घरी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळणारी बाई अजून सट्टेदाराच्याच मुठीत आहे. बिडी कामगारांच्या कल्याणासाठी १९७६ पासून घेतला जाणारा उपकर वस्तू व सेवा कराच्या आगमनाबरोबर २०१७ मध्ये संपला. त्याच पैशातून कामगारांचे दवाखाने आणि त्यांच्या मुलांच्या शिष्यवृत्त्या चालत. तो बंद झाल्याबद्दल कोणा सुशिक्षिताने एखाद्या वस्तूवर बहिष्कार घातल्याचे आम्ही पाहिले नाही.

म्हणून बहिष्काराच्या प्रत्येक नव्या हाकेबरोबर रात्र जागविणाऱ्या आमच्या तरुण वाचकांना आम्ही एक काम सुचवितो. येत्या रविवारी तिरोड्याच्या किंवा आमगावच्या बाजूस एखाद्या बिडी वळणाऱ्या वस्तीत जावे. हजार बिड्यांमागे ठरलेला दर कोणता, ‘छाट’ म्हणून सट्टेदार त्यांतून किती बिड्या फुकट काढून घेतो, भविष्य निर्वाह निधीत त्या बाईचे नाव आहे की नाही, हे विचारून यावे आणि आमच्याकडे लिहून पाठवावे. बाईचे नाव न घालता आम्ही ते याच पानावर छापू.