दोनशे डॉलरची कोशिंबीर

आसपासच्या शेतातला ताजा माल वाढणारी रेस्टॉरंटं बे एरियात आता पुष्कळ झाली आहेत. या प्रकाराची गंगोत्री बर्कलेत. अ‍ॅलिस वॉटर्स यांनी 1971 च्या ऑगस्टमध्ये तिथे ‘शे पनीस’ सुरू केलं, तेव्हा ठरलेल्या जेवणाची किंमत होती 3 डॉलर 95 सेंट!

त्याच वळणाच्या एका छोट्या रेस्टॉरंटात गेल्या उन्हाळ्यात सौ. आणि मी जेवायला गेलो. शाकाहारी असल्याचं फोनवर आधीच कळवलं होतं. (मेन्यू ठरलेला असतो, तेव्हा कळवावंच.) आधी पानांचं सॅलड आणि ‘ड्राय-फार्म्ड’ अर्ली गर्ल टोमॅटो. रोप रुजलं की याला पाणी जवळजवळ देतच नाहीत. फळ लहान राहतं, पण चव अशी की गावच्या बाजाराची आठवण यावी. मग चपट्या शेंगा घातलेली पांढऱ्या बीन्सची उसळच म्हणा. मक्याचा पोलेंटा आला तो त्यानंतर, जेमतेम चार चमचे.

“आपलीच कोशिंबीर आणि उसळ,” सौ. म्हणाली, “भात तेवढा विसरले!”

मला तेच महत्त्वाचं वाटलं. माझी ए-वन-सी 6.1 आहे, 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. आपल्या लोकांना बारीक अंगकाठीतही मधुमेह गाठतो. म्हणूनच अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने 2015 मध्ये आशियाई वंशाच्या लोकांसाठी तपासणीची बीएमआय मर्यादा 25 वरून 23 वर आणली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलमध्ये 11 मधुमेहींना एकच जेवण दोन क्रमांनी दिलं गेलं. भाज्या व प्रथिनं आधी आणि पाव नंतर, असं खाल्लं तेव्हा तासाभरानंतरची रक्तातली साखर सुमारे 37 टक्के कमी आढळली. अभ्यास लहान आहे हे खरं. पण आपण सुरुवातच वरणभाताने करतो आणि कोशिंबीर ताटात डावीकडे चमचाभर! आमच्या घरी आता वाडगाभर कोशिंबीर आधी, मग उसळ, भात शेवटी. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल त्यांनी मात्र भात-पोळीचं प्रमाण बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं.

आता बिल. माणशी 75 डॉलर, त्यावर 20 टक्के सेवाशुल्क, त्यावर कर. दोघांचे 200 च्या आसपास. सेवाशुल्क छापलेलं असूनही खाली टिपसाठी रिकामी ओळ होतीच. ती रिकामीच ठेवावी, त्यात संकोच नको. असं जेवण वर्षातून एकदा, वाढदिवसाला ठीक.

तोच माल बर्कलेच्या शनिवारच्या शेतकरी बाजारात मिळतो. मी 24 डॉलरमध्ये टोमॅटो, शेंगा, काकड्या आणि दोन जुड्या पालेभाजी आणली. आम्हा दोघांना चार दिवस पुरली. तिथल्या ‘सर्टिफाइड’ पाटीचा अर्थ एवढाच, की विकणाऱ्याने माल स्वतः पिकवला आहे. तो सेंद्रिय असेलच असं नाही, तेव्हा विचारून घ्यावं. बाजार उठायच्या तासभर आधी गेलात तर मऊ पडलेले टोमॅटो पुष्कळदा स्वस्तात मिळतात. साराला तेच बरे.