काळें पाणी आणि कायदेमंडळ

अंदमान हें नांव उच्चारलें कीं आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढें एकच इमारत उभी राहते. १८९६ ते १९०६ या काळांत बांधलेल्या त्या सेल्युलर तुरुंगांत सावरकर बंधु खितपत पडले, बंगाल व पंजाबचे कित्येक देशभक्त झिजले. ती स्मृति जागती राहिलीच पाहिजे. पण ज्या भूमीस आम्ही तीर्थक्षेत्र म्हणतों, तेथें आज कोण राहतें आणि त्यांजवर राज्य कोण करतें, याची चौकशी किती यात्रेकरू करतात? देवाचें दर्शन घ्यावें आणि गांवकऱ्यांचें कुशल विचारूं नये, असा हा प्रकार आहे.

बंगालच्या उपसागरांत दक्षिणोत्तर पसरलेली ही बेटांची माळ आहे. लहानमोठीं बेटें व खडक मिळून सरकारी मोजणी ८३६ भरते. वस्ती मात्र तीसएक बेटांवरच. एकंदर क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर. उत्तरेस अंदमान, दक्षिणेस निकोबार, आणि मध्यें दहा अंशांची सामुद्रधुनी. राजधानीचें पोर्ट ब्लेअर हें नांव २०२४ सालीं बदलून श्रीविजयपुरम् झालें. तेथून मद्रासचा किनारा हजाराहून अधिक किलोमीटर दूर; उलट अगदीं दक्षिणेच्या इंदिरा पॉइंटहून सुमात्रा दोनशे किलोमीटरांच्या आंत. पाऊस दोन्ही मोसमांचा, म्हणून जंगल दाट. नारळ, सुपारी व मासळी ही तेथील संपत्ति. निसर्ग जसा उदार तसाच क्रूरही. २६ डिसेंबर २००४ च्या समुद्रप्रकोपांत इंदिरा पॉइंटची जमीन चार मीटरांहून अधिक खचली आणि निकोबारचीं गांवेंच्या गांवें वाहून गेलीं.

१८५८ सालीं इंग्रजांनीं येथें कैद्यांची वसाहत घातली. शिक्षा भोगून जे तेथेंच राहिले त्यांनीं जातपात व धर्म न पाहतां संसार थाटले. जें काम आमच्या सुधारकांस शंभर वर्षांच्या व्याख्यानांनीं साधलें नाहीं, तें काळ्या पाण्यानें एका पिढींत करून दाखविलें! पुढें छोटानागपूरचे मजूर आले, ब्रह्मदेशाचे कारेन आले, फाळणीनंतर पूर्व बंगालचे निर्वासित आले. तामिळ, तेलुगु व मल्याळी मंडळीही आली. बंगाली बोलणारे सर्वांत अधिक, पण बाजारांत सर्वांस जोडणारी भाषा हिंदी. २०११ च्या खानेसुमारींत एकंदर लोकसंख्या ३,८०,५८१ भरली.

आणि या सर्वांच्या आधीं हजारों वर्षें तेथें नांदणारे मूळचे धनी? त्याच खानेसुमारींत ग्रेट अंदमानी ४४, ओंगी १०१, जारवा ३८०, निकोबारांतील शोंपेन २२९. सेंटिनली लोक तर परक्यास किनाऱ्यावर पाऊल ठेवूं देत नाहींत. त्यांची मोजणी दुरूनच करावी लागते. निकोबारी जमात तेवढी हजारोंच्या संख्येंत टिकून आहे.

आतां राज्यकारभाराकडे वळूं. १८७२ पासून येथें चीफ कमिशनर बसत असे. इंग्रज गेला, पण ही गादी १९८२ पर्यंत तशीच राहिली. त्या सालीं तिच्यावर नायब राज्यपाल आले. पाटी बदलली, दुकान तेंच! कायदेमंडळ आजही नाहीं. लोकसभेस एक सभासद जातो. त्याचीही १९६७ पर्यंत राष्ट्रपतींकडून नेमणूक होई, निवडणूक नव्हे. राज्यसभेंत एकही जागा नाहीं. ग्रामपंचायती, जिल्हा परिषदा व नगरपालिका आहेत. पण त्यांनीं गटारें पाहावीं, कायदा पाहूं नये. घटनेच्या २४० व्या कलमान्वयें या बेटांसाठीं राष्ट्रपति विनियम काढूं शकतात, आणि असा विनियम संसदेनें केलेला कायदाही बदलूं किंवा रद्द करूं शकतो. म्हणजे दिल्लींतील खात्याच्या टिपणावरून बेटावरील घराघराचा कायदा बदलावा, आणि ज्याचें घर त्यास ‘नको’ म्हणण्यास सभागृहच नसावें!

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, लोकसंख्या थोडी. पाँडिचेरीस १९६३ सालीं विधानसभा मिळाली तेव्हां तेथील वस्ती, १९६१ च्या मोजणीप्रमाणें, पावणेचार लाखांच्याही आंत होती. आजच्या अंदमानाहून कमीच. सिक्कीम १९७५ सालीं पूर्ण राज्य झालें तें याहूनही थोड्या वस्तीवर. आमच्या शेजारचा गोवा केंद्रशासित असतांनाच विधानसभा चालवूं लागला व १९८७ सालीं राज्य झाला. त्यानें कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं. दुसरा आक्षेप, बेटें लष्करी महत्त्वाचीं. पण सैन्य व संरक्षण कोणत्याच राज्याच्या हातीं नसतें. सीमेवरील पंजाब व राजस्थान विधानसभा चालवितातच ना?

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो आम्ही टाळणार नाहीं. बहुमत बाहेरून आलेल्यांचें होणार. तें बहुमत जारवांच्या रानावर हात टाकणार नाहीं कशावरून? आमचें उत्तर असें कीं नोकरशाहीनें तरी तें रान कोठें राखलें? आदिवासींच्या संरक्षणाचा विनियम १९५६ चा आहे. जारवांच्या राखीव मुलुखांतून जाणारा मोठा रस्ता बंद करावा असें सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं सांगितलें. गाड्या पुढेंही धांवतच राहिल्या. ग्रेट निकोबारांत बंदर, विमानतळ, वीजकेंद्र व नगर वसविण्यासाठीं सुमारें १३० चौरस किलोमीटर जंगल देण्याचें ठरलें. तेथील आदिवासी मंडळानें आधीं दिलेली संमति २०२२ च्या नोव्हेंबरांत लेखी परत घेतली. ती परत घेतल्यानें योजना थांबली नाहीं. कारण ती संमति अर्जाप्रमाणें मानली गेली, हक्काप्रमाणें नव्हे.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. बेटांस निवडलेलें कायदेमंडळ द्या. आणि त्याच कायद्यांत लिहून ठेवा कीं आदिवासींची जमीन, जंगल व किनारा यांस त्या मंडळानें किंवा दिल्लीनें हात लावावयाचा तर प्रथम आदिवासी मंडळाची संमति पाहिजे. आणि जे संमति देण्यासही समोर येत नाहींत, त्या सेंटिनलींसारख्यांचा मुलूख कोणाच्याही सहीनें खुला होऊं नये. एकास मत आणि दुसऱ्यास नकाराधिकार, हे दोन्ही मिळून न्याय होतो. एकट्यानें होत नाहीं.

आमचे व्यापारी वाचक हें सहज समजतील. मुनीम कितीही प्रामाणिक असो, पेढी ज्याची त्यानें खातेंवही पाहिलीच पाहिजे. ज्या बेटांवर स्वराज्य मागणाऱ्यांस कोंडलें, त्या बेटांवरच स्वराज्य शेवटीं पोंचावें, ही गोष्ट त्या कोठड्यांपुढें हात जोडणाऱ्या आम्हां सर्वांस शोभणारी नाहीं.