एक बँड, पाच पुस्तकं आणि एक मृत्यू: 'द डोअर्स'ची खरी गोष्ट नेमकी कोणाची?

लांब कुरळे केस, उघडी छाती आणि थेट आपल्याकडे रोखलेली नजर. हा चेहरा तुम्ही टी-शर्टवर, पोस्टरवर किंवा एखाद्या रीलमध्ये नक्की पाहिला असेल. हा जिम मॉरिसन, अमेरिकेतल्या 'द डोअर्स' या रॉक बँडचा गायक. ३ जुलै १९७१ ला पॅरिसमध्ये तो गेला, तेव्हा त्याचं वय होतं फक्त २७ वर्षं.

त्याच्याबद्दल सोशल मीडियावर दोन गोष्टी हमखास वाचायला मिळतात. एक, तो मेलाच नाही. दोन, तो सतत नशेत असायचा आणि म्हणूनच तो जीनियस होता. या गोष्टी आल्या कुठून? बऱ्याच अंशी पुस्तकांमधून. आणि त्या खोडून काढल्या कोणी? तेही पुस्तकांनीच.

आधी बँडची थोडक्यात ओळख. १९६५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये हा बँड सुरू झाला. गायक मॉरिसन, कीबोर्डवर रे मॅन्झारेक, गिटारवर रॉबी क्रिगर आणि ड्रम्सवर जॉन डेन्समोर. मॉरिसन आणि मॅन्झारेक फिल्म स्कूलचे दोस्त. बाकी दोघांशी ओळख झाली ती महर्षी महेश योगींच्या ध्यानाच्या वर्गांमुळे. १९६७ ते १९७१ या काळात या चौघांचे सहा स्टुडिओ अल्बम आले.

पुस्तक पहिलं: दंतकथा तयार झाली

मॉरिसन गेल्यावर नऊ वर्षांनी, १९८० मध्ये 'नो वन हिअर गेट्स आऊट अलाइव्ह' हे चरित्र आलं. लेखक दोन. जेरी हॉपकिन्स हा पत्रकार, त्याने मॉरिसनची मुलाखत घेतली होती. डॅनी शुगरमन हा बँडचा चाहता, शाळकरी वयातच डोअर्सच्या ऑफिसात चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं द्यायला लागलेला.

पुस्तक तुफान खपलं आणि एका नव्या पिढीला डोअर्सचं वेड लागलं. पण याच पुस्तकाने एक पिल्लू सोडलं, जिम कदाचित जिवंत असेल. संशयाला जागाही होती. मृत्यूचं कारण हृदयक्रिया बंद पडणं असं नोंदवलं गेलं, पण पोस्टमॉर्टेम झालंच नाही. बँडचा मॅनेजर पॅरिसला पोचला तेव्हा शवपेटी बंद झालेली होती. जिमची जोडीदार पामेला कोर्सन त्या रात्री त्याच्यासोबत होती, पण १९७४ मध्ये तीही गेली.

आपल्याकडच्या बखरी आठवा. बखरकार आपल्या धन्याला मोठं करून सांगतो, त्यात ऐकीव गोष्टीही मिसळतो. वाचायला मजा येते, पण तारीख-वार तपासूनच घ्यावे लागतात. हे पुस्तक तसंच वाचायचं.

पुस्तक दुसरं: ड्रमरची बाजू

१९९० मध्ये डेन्समोरने 'रायडर्स ऑन द स्टॉर्म' लिहिलं. इथे जिम देव नाही. तो दारूच्या आहारी गेलेला मित्र आहे आणि त्याच्यासोबत रोज काम करणं ही एक शिक्षा आहे. एकदा रेकॉर्डिंग चालू असताना वैतागून डेन्समोरने बँड सोडला आणि दुसऱ्या दिवशी तो परतही आला.

घरात व्यसनी माणूस असेल, तर आजूबाजूच्यांचं काय होतं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे पुस्तक लगेच कळेल. मित्राचा राग येतो, भीती वाटते आणि आपण त्याला थांबवलं का नाही, हा प्रश्न काही सुटत नाही.

पुस्तक तिसरं: दोस्ताची बाजू

१९९८ मध्ये मॅन्झारेकचं 'लाइट माय फायर' आलं. त्याच्या लेखी जिम आधी कवी होता. दारू प्यायल्यावर जो बाहेर यायचा त्याला मॅन्झारेकने वेगळंच नाव दिलं, 'जिम्बो'. म्हणजे सगळे पराक्रम जिम्बोचे आणि कविता जिमच्या! ऑलिव्हर स्टोनने १९९१ मध्ये काढलेल्या 'द डोअर्स' सिनेमावर त्याचा राग होता, कारण पडद्यावर त्याला फक्त जिम्बो दिसला.

पुस्तक चौथं: प्रकरण कोर्टात

१९६८ मध्ये मॉरिसन बाहेर असताना बाकी तिघांनी 'लाइट माय फायर' हे गाणं ब्युइक कारच्या जाहिरातीला द्यायची तयारी दाखवली. मॉरिसन भडकला आणि ते बारगळलं. चौघांचा वाटा समान आणि प्रत्येकाला नकाराचा अधिकार, असा त्यांचा करार होता.

पुढे कॅडिलॅक कंपनीने एका गाण्यासाठी दीड कोटी डॉलर देऊ केले, तेव्हा डेन्समोरने तोच अधिकार वापरून नकार दिला. मॅन्झारेक आणि क्रिगर नव्या गायकाला घेऊन 'डोअर्स' नावाने शो करायला लागल्यावर तो कोर्टात गेला. मॉरिसनचे आईवडीलही त्याच्या बाजूने उभे राहिले आणि तो जिंकला. 'द डोअर्स अनहिंज्ड' या २०१३ च्या पुस्तकात ही सगळी हकिगत आहे. त्याच वर्षी मॅन्झारेक वारला. २०१६ मध्ये त्याच्या आठवणीत झालेल्या कार्यक्रमात उरलेले दोघं पुन्हा एकत्र वाजवायला बसले.

पुस्तक पाचवं: गप्प राहिलेला माणूस

क्रिगर सगळ्यात शेवटी बोलला, २०२१ मध्ये, 'सेट द नाइट ऑन फायर' या पुस्तकातून. बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'लाइट माय फायर' मुळात त्याने लिहिलं होतं. पण सुरुवातीच्या अल्बमवर गाण्यांचं श्रेय 'द डोअर्स' असं एकत्र जायचं, त्यामुळे लोकांना ते मॉरिसनचं वाटत राहिलं. क्रिगर शांतपणे एकेक दंतकथा तपासतो. स्वतःच्या व्यसनाबद्दलही लपवत नाही.

मग खरं कोणाचं मानायचं?

एक साधी कसोटी आहे. एरवी भांडणारे लोक कुठल्या मुद्द्यावर एकमताने बोलतात ते बघा.

१ मार्च १९६९ ला मायामीतल्या शोमध्ये मॉरिसनने स्टेजवर अश्लील प्रदर्शन केलं, असा आरोप झाला. त्याला सहा महिन्यांची कैद आणि ५०० डॉलर दंड सुनावला गेला. अपील चालू असतानाच तो वारला. कोर्टात एकमेकांसमोर उभे राहिलेले त्याचे साथीदार या एका बाबतीत मात्र ठाम होते, असं काही घडलंच नाही. फ्लोरिडा राज्याने डिसेंबर २०१० मध्ये त्याला माफी दिली. तोवर त्याला जाऊन ३९ वर्षं झाली होती.

मित्रांची साक्ष म्हणजे पक्का पुरावा नव्हे, हे खरं. पण ज्यांचं एकमेकांशी पटत नाही त्यांची साक्ष जुळते, तेव्हा तिला वजन येतं.

एकच पुस्तक वाचणार असाल तर क्रिगरचं वाचा. दोन वाचणार असाल तर त्याआधी डेन्समोरचं. १९८० चं चरित्र शेवटी वाचा, म्हणजे दंतकथा कशी रचली जाते हे आपोआप दिसेल. आणि पुढच्या वेळी 'जिम मॉरिसन जिवंत आहे' अशी पोस्ट आली, तर फॉरवर्ड करण्याआधी एवढं आठवा की त्याला जवळून ओळखणाऱ्या तिघांनी उरलेलं आयुष्य तो नाही हे पचवण्यात घालवलं.